मिडीचा दहावा चॅनल : घरच्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम आणि ढोलकीची मांडणी

सोलापुरात घरच्या खोलीत गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांना सर्वांत जास्त अडवतात ती तालवाद्ये. गायकाचा आवाज किंवा संवादिनी एका माइकवर, जाड चादरी टांगलेल्या कोपऱ्यात, बऱ्यापैकी टिपता येते. पूर्ण ड्रमसेटसाठी मात्र अनेक माइक, मोठी खोली आणि शांतता लागते, आणि पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असेल किंवा एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे अशक्य असेल, तर ती शांतता मिळतच नाही. मिडीवर, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या पद्धतीवर, वाजवलेल्या ड्रमला ही अडचण येत नाही, कारण तिथे आवाज नोंदला जातच नाही. कोणता आघात, केव्हा आणि किती जोराने झाला, एवढीच माहिती नोंदली जाते आणि प्रत्यक्ष आवाज नंतर संगणकातले किट, म्हणजे ड्रमच्या आवाजांचा संच, काढते.

सोय मोठी असली तरी ती हाती येताना अनेकांचा गोंधळ होतो. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजवावी तर पियानोचा खर्जातला स्वर ऐकू येतो, हाय-हॅटच्या (एकमेकांवर मिटणाऱ्या झांजांच्या) जागी बोंगो वाजतो, किंवा पॅडवर दिवा लागतो पण आवाजच येत नाही. या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी तीनच प्रश्न असतात : संदेश कोणत्या चॅनलवरून आला, त्यात नोटचा क्रमांक कोणता होता, आणि तो ऐकणारे किट कोणते आहे. हे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवून याच क्रमाने विचारले, तर बहुतेक अडचणी नवे सॉफ्टवेअर किंवा नवे यंत्र विकत न घेता सुटतात.

चॅनल दहाच का

मिडी हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ठरवलेले मानक आहे. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतील संगीतवाद्यांच्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एका केबलने जोडून त्याचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक झाले. या मानकात एकाच तारेवरून सोळा चॅनलांची माहिती जाऊ शकते. प्रत्येक संदेशावर चॅनलचा क्रमांक पत्त्यासारखा लिहिलेला असतो, आणि ऐकणारे वाद्य आपल्या पत्त्याचा संदेश तेवढा उचलते.

सुरुवातीच्या काळात कोणत्या चॅनलवर कोणते वाद्य असावे, याला बंधन नव्हते. त्यामुळे एका कीबोर्डवर तयार केलेले गाणे दुसऱ्यावर वाजवले की वाद्यांची अदलाबदल होत असे. १९९१मध्ये जनरल मिडी हा संकेत आला, आणि त्यात इतर नियमांबरोबर दहावा चॅनल तालवाद्यांसाठी राखून ठेवण्यात आला. एरवी नोटचा क्रमांक म्हणजे स्वराची उंची असते : ६० म्हणजे मधला सी, ६२ म्हणजे त्याच्या वरचा डी. दहाव्या चॅनलवर मात्र क्रमांकावरून वाद्य ठरते. ३६ म्हणजे किक, ३८ म्हणजे स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), ४२ म्हणजे बंद हाय-हॅट. ड्रम चॅनलबद्दलचा बाकीचा सगळा तपशील या एका फरकातून निघतो, म्हणून तो पक्का समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इथे एक बारकावा आहे. संदेशात चॅनल शून्यापासून मोजला जातो, तर वाद्यांच्या पडद्यावर तो एकपासून दाखवला जातो. म्हणून फ्लुइडसिंथसारख्या, मिडीला आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमचा चॅनल ९ दिसतो. तो आपलाच दहावा चॅनल असतो. साउंडफाँट फाइलमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज साठवलेल्या फाइलमध्ये, ड्रमची किट बँक १२८ या कप्प्यात ठेवलेली असतात. साउंडफाँट उघडूनही ड्रम सापडत नसतील, तर आधी ती बँक पाहावी.

आधी संदेश पाहावा, मग आवाज ऐकावा

जोडणी झाल्यावर लगेच किट उघडून वाजवायला बसण्याऐवजी पहिल्यांदा येणारे संदेश डोळ्यांनी पाहावेत, असा माझा आग्रह असतो. रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ट्रॅकवर रीकंट्रोलमिडी हे त्याच्यासोबतच येणारे प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) लावावे आणि त्यातली नोंदवही उघडावी. इतर सॉफ्टवेअरमध्येही मिडी मॉनिटर नावाची सोय बहुधा असते. पॅडवर एक आघात केल्यावर तिथे चॅनल, नोटचा क्रमांक आणि आघाताचा जोर म्हणजे व्हेलॉसिटी, या तीन गोष्टी दिसतात. काही मॉनिटर कच्चे आकडे दाखवतात. तिथे १५३, ३६, १०० अशी ओळ आली, तर १५३ म्हणजे दहाव्या चॅनलवरची नोट सुरू झाली, ३६ म्हणजे किक आणि १०० म्हणजे जोर. पहिला आकडा १४४ असेल, तर तोच संदेश पहिल्या चॅनलवरून येत आहे.

काहीच दिसत नसेल, तर दोष जोडणीत आहे आणि किट बदलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. ऑर्केस्ट्रा आणि भजनी मंडळांमध्ये वापरले जाणारे जुने ऑक्टोपॅड (काठीने वाजवायच्या आठ पॅडांची इलेक्ट्रॉनिक तालवाद्ये) यूएसबीऐवजी पाच पिनांच्या गोल मिडी सॉकेटचे असतात, त्यामुळे मध्ये यूएसबी-मिडी इंटरफेस (वाद्य आणि संगणक यांना जोडणारे यंत्र) किंवा मिडी सॉकेट असलेला ऑडिओ इंटरफेस लागतो. ऑक्टोपॅडच्या मिडी आऊटमधून निघालेली तार इंटरफेसच्या मिडी इनमध्ये जायला हवी. यूएसबीला जोडलेल्या दोन तारांच्या स्वस्त केबलवर ‘इन’ असे छापलेले असते, तेव्हा काही केबलींमध्ये त्याचा अर्थ ‘हे टोक वाद्याच्या इनमध्ये घाला’ असा असतो आणि काहींमध्ये नेमका उलटा. म्हणून संदेश दिसत नसेल, तर पहिल्यांदा दोन टोकांची अदलाबदल करून पाहावी.

संदेश दिसतो पण चॅनल १ दाखवतो, असे पुष्कळदा घडते, कारण बहुतेक मिडी कीबोर्ड कारखान्यातून पहिल्या चॅनलवरच लावून येतात. ते दुरुस्त करण्याच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे वाद्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पाठवण्याचा चॅनल १० करणे, आणि दुसरी म्हणजे सॉफ्टवेअरच्या ट्रॅकवर येणारी माहिती दहाव्या चॅनलवर वळवणे. रीपरमध्ये ट्रॅकच्या रेकॉर्ड बटणावर उजवी क्लिक केल्यावर इनपुटच्या यादीत ही सोय मिळते. मी दुसरी जागा पसंत करतो, कारण तोच कीबोर्ड पाच मिनिटांनी बासरी किंवा स्ट्रिंग वाजवायला लागतो आणि वाद्याची सेटिंग पुन्हापुन्हा बदलणे त्रासाचे असते. ऑक्टोपॅड किंवा इलेक्ट्रॉनिक ड्रम यांचे काम मात्र तालाचेच असल्याने ती वाद्ये कायमची दहावर ठेवावीत.

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमचे प्लगइन पहिल्या चॅनलवरही व्यवस्थित वाजत असेल, तर दहाव्याची गरजच काय, अशी शंका रास्त आहे. फक्त ड्रमसाठी बनवलेली पुष्कळशी प्लगइन कोणत्याही चॅनलवरचा संदेश ऐकतात. एबल्टन लाईव्ह या सॉफ्टवेअरमधला ड्रम रॅकही चॅनल पाहत नाही. त्यामुळे आपल्या खोलीत चूक लक्षात येत नाही आणि फाइल बाहेर गेली की ती उघडी पडते. मिडी फाइलच्या शून्य प्रकारात सगळी वाद्ये एकाच ट्रॅकमध्ये भरलेली असतात, आणि त्यांना वेगळे ठेवणारी खूण चॅनलची असते. तुमचा ड्रम आणि पियानो दोन्ही पहिल्या चॅनलवर असतील आणि ती फाइल एखाद्या अरेंजर कीबोर्डवर (तयार ताल आणि साथ वाजवणाऱ्या कीबोर्डवर) लावली, तर किकचे सगळे आघात पियानोच्या खर्जात ऐकू येतील, आणि आधीच पियानोत मिसळलेले ते आघात एकेक करून निवडून काढावे लागतील. ट्रॅक तयार करतानाच चॅनल १० लावण्याला काही सेकंद लागतात.

नोटचे क्रमांक आणि त्यांची नावे

जनरल मिडीच्या पहिल्या आवृत्तीत ३५ ते ८१ या क्रमांकांवर एकूण ४७ तालवाद्ये ठरवून दिलेली आहेत. ती सगळी पाठ करण्याची गरज नाही. रोजच्या कामात ३६ किक, ३७ साइड स्टिक, ३८ स्नेअर, ३९ टाळी, ४२ बंद हाय-हॅट, ४४ पायाने मिटलेली हाय-हॅट, ४६ उघडी हाय-हॅट, ४९ क्रॅश आणि ५१ राइड एवढे क्रमांक लक्षात राहिले की पुरते. टॉम ४१ ते ५०च्या दरम्यान हाय-हॅट आणि क्रॅशच्या अधेमधे विखुरलेले आहेत : ४१, ४३, ४५, ४७, ४८ आणि ५०. पुढे ५४वर खंजिरीसारखा टॅम्बोरिन, ६० आणि ६१वर बोंगो, ६२ ते ६४वर कोंगा, तर अगदी शेवटी ८० आणि ८१वर ट्रँगल हे त्रिकोणी सळईचे वाद्य आहे.

नोटच्या अक्षरी नावांवर मात्र विसंबू नये. क्रमांक ६०ला क्यूबेस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एबल्टन लाईव्हमध्ये सी ३ म्हणतात, तर रीपर त्याच नोटला सी ४ असे दाखवतो. परिणामी किकचा ३६ एका ठिकाणी सी १ आणि दुसऱ्या ठिकाणी सी २ होतो. एखाद्याने फोनवर ‘किक सी १वर ठेव’ असे सांगितले आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीचा सी १ घेतला, तर नोट २४वर जाऊन बसते, आणि २४ हा क्रमांक जनरल मिडीच्या किटमध्ये नसल्याने काहीच वाजत नाही. म्हणून ड्रमबद्दल बोलताना आणि लिहिताना नेहमी आकडा सांगावा.

इलेक्ट्रॉनिक ड्रम जोडल्यावर हा क्रमांकांचा विषय आणखी टोकदार होतो. रोलँडच्या व्ही-ड्रम मालिकेतील मोड्यूल (पॅडांवरचे आघात मिडीत बदलणारी पेटी) मूळ सेटिंगवर किकसाठी ३६ आणि स्नेअरच्या मधल्या भागासाठी ३८च पाठवतात, त्यामुळे सुरुवातीला सगळे जुळल्यासारखे वाटते. मग स्नेअरच्या काठावर काठी बसते. मोड्यूल ४० पाठवतो, आणि जनरल मिडीत ४० म्हणजे इलेक्ट्रिक स्नेअर असल्याने एकदम वेगळ्या जातीचा आवाज मधेच उमटतो. तिसऱ्या टॉमच्या काठासाठी ५८ जातो. जनरल मिडीत तिथे व्हायब्रास्लॅप नावाचे खडखडणारे वाद्य आहे, आणि वाजवणाऱ्याला आपल्या हातून काय झाले तेच समजत नाही. हाय-हॅटच्या कडेवर आघात केला, तर मिटलेली असताना २२ आणि उघडी असताना २६ हे क्रमांक जातात. हे दोन्ही ३५च्या खाली असल्यामुळे साध्या जनरल मिडी किटमध्ये तिथे शांतता असते, आणि वादक हाय-हॅटचा पॅड बिघडला असे समजून बसतो. पॅड शाबूत असतो. गरज असते ती २२ला ४२वर आणि २६ला ४६वर वळवण्याची.

हे वळवण्याचे काम ड्रम मॅपमध्ये करतात. क्यूबेसमध्ये त्यासाठी स्वतंत्र खिडकी आहे, जिथे आत येणारी नोट आणि बाहेर जाणारी नोट वेगवेगळी ठरवता येते. रीपरमध्ये नोट बदलणारी छोटी प्लगइन किटच्या आधी लावून तोच परिणाम मिळतो, आणि मिडी एडिटरमध्ये पट्ट्यांच्या जागी ‘किक’, ‘स्नेअर’, ‘ढोलकी चाटी’ अशी नावे देऊन ती फाइलमध्ये जतनही करता येतात. बऱ्याच ड्रम प्लगइनांमध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या ड्रमसेटसाठी तयार मॅपही दिलेले असतात. आधी ते तपासावेत आणि आपला सेट त्यात नसेल तेव्हाच हाताने मॅप बांधावा.

पट्टी बदलताना

आपल्याकडे हा प्रसंग हमखास येतो, म्हणून त्याला स्वतंत्र जागा देत आहे. गाणे काळी एकमध्ये तयार केले, आणि गायिका आल्यावर तिला काळी दोन सोयीची पडते. सगळे ट्रॅक मिडीवर असल्याने एकदम सगळे निवडून दोन अर्धस्वर वर सरकवण्याचा मोह होतो. सुरेल वाद्यांचे काम चोख होते, पण दहाव्या चॅनलवर क्रमांक म्हणजे वाद्य असल्यामुळे तिथे ३६ची किक ३८ होऊन स्नेअर बनते, ३८ची स्नेअर ४०वर जाते, ४२ची बंद हाय-हॅट ४४ होऊन पायाची हाय-हॅट वाजते, ४६ची उघडी हाय-हॅट टॉम होते आणि ४९चा क्रॅश राइड बनतो. ताल तोच राहतो, सगळी वाद्ये मात्र बदललेली असतात. पट्टी बदलण्याआधी ड्रमचा ट्रॅक निवडीतून वगळावा किंवा त्याला कुलूप लावावे. अरेंजर कीबोर्डचे ट्रान्सपोझ बटण सामान्यतः ड्रमला हात लावत नाही, त्यामुळे कीबोर्डवर सवय झालेल्या माणसाकडून संगणकावर ही गोष्ट अधिक निसटते.

यामाहाच्या अरेंजर कीबोर्डवरील स्टाईल (ताल-साथीचे तयार नमुने) संगणकात नोंदवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या स्टाईल फाइलींमध्ये तालाचे दोन भाग असतात आणि ते ९ व १० अशा दोन चॅनलांवर असतात. अकरावा बाससाठी, आणि पुढचे कॉर्ड, पॅड वगैरेंसाठी. जनरल मिडीचे साधे वाद्य फक्त दहाव्याला ताल मानते, त्यामुळे नवव्या चॅनलवरचा ताल पियानोवर ऐकू येऊ लागतो. अशा वेळी नवव्या चॅनलची माहिती वेगळ्या ट्रॅकवर काढून तिथे दुसरे ड्रम किट लावावे.

ढोलकी, तबला, हलगी : आपला मॅप आपणच बांधावा

जनरल मिडीच्या ४७ वाद्यांत ढोलकी नाही, तबला नाही, हलगी नाही आणि संबळही नाही. बोंगो-कोंगावर लावणीचा ठेका बसवण्याची खटपट पुष्कळांनी केलेली असते. आमच्याकडे गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लेझीम पथकापुढे कडाडणारी हलगी ज्याने ऐकली आहे, त्याला तो पर्याय पटत नाही. त्यासाठी सॅम्पलर, म्हणजे नोंदवलेले आवाज नोटांवर वाजवणारे सॉफ्टवेअर, घ्यावा, आपल्याच भागातल्या वादकाला बोलावून एकेक आघात नोंदवावा आणि त्यांचे किट तयार करावे. रीपरसोबत येणारा रीसॅम्पलोमॅटिक या कामाला पुरतो : प्रत्येक आवाजासाठी त्याची एक प्रत लावायची, सुरुवातीची आणि शेवटची नोट एकच ठेवायची, आणि ‘नोट ऑफ पाळा’ या अर्थाची खूण काढून टाकायची, म्हणजे नोट कितीही आखूड काढली तरी आघाताची आस पूर्ण ऐकू येते.

सॅम्पल कापताना आघाताच्या आधीची शांतता अजिबात राहू देऊ नये. लाटेचे चित्र मोठे करून पाहिले, तर सरळ रेषा जिथे पहिल्यांदा हलते ती जागा स्पष्ट दिसते. तिथेच काप घ्यावा. दहा मिलिसेकंदांची शांतता राहिली, तरी त्या वाद्याचा प्रत्येक आघात दहा मिलिसेकंद उशिरा पडतो. मग नोटा रेषेवर अचूक बसलेल्या असूनही ठेका ओढल्यासारखा का वाटतो, याचा शोध भलतीकडेच घेतला जातो.

तबला किंवा ढोलकी बसवताना चॅनलचा खरा उपयोग दिसतो. केरव्याचा धा गे ना ती, ना के धी ना हा ठेका घेऊ. यातला धा हा एक आवाज नाही. उजव्या हाताचा ना आणि डाव्याचा गे एकाच क्षणी पडतात तेव्हा धा होतो, आणि तसाच ती व गे मिळून धी होतो. म्हणून धाचे वेगळे सॅम्पल करण्यापेक्षा चार मूळ आघात घ्यावेत : ना ६०वर, ती ६१वर, गे ४८वर, के ४९वर. पहिल्या मात्रेवर ६० आणि ४८ एकदम, दुसरीवर ४८, तिसरीवर ६०, चौथीवर ६१, पाचवीवर पुन्हा ६०, सहावीवर ४९, सातवीवर ६१ आणि ४८ एकदम, आणि आठवीवर ६०. अशा रीतीने दोन हात वेगळे राहतात, आणि उजव्या हाताचा जोर कमी करून डग्गा तेवढा पुढे आणता येतो.

यात अडचण येते ती डग्ग्याच्या घसीटीची. गे वाजवून मनगटाने दाब दिला की स्वर वर चढतो, आणि हा चढ पिच बेंडने, म्हणजे स्वर वरखाली सरकवणाऱ्या संदेशाने, काढता येतो. पण मिडी १.०मध्ये पिच बेंडचा संदेश एका नोटला नसून पूर्ण चॅनलला लागू होतो. डग्गा आणि चाट दोन्ही दहाव्या चॅनलवर असतील, तर डग्ग्याबरोबर त्याच वेळी घुमत असलेला ‘ना’ही वर सरकतो आणि सुरात लावलेला तबला बेसूर झाल्यासारखा वाटतो. उपाय साधा आहे : उजव्या हाताच्या नोटा दहाव्या चॅनलवर ठेवाव्यात, डग्ग्याच्या नोटा अकराव्यावर न्याव्यात, आणि अकराव्यावरच बेंड द्यावा. बेंडची मर्यादा मुळात दोन अर्धस्वरांची असते. डग्ग्यासाठी ती वाढवून पाहायला हरकत नाही, मात्र पुढचा आघात येण्याआधी बेंड शून्यावर आणायला विसरू नये, नाहीतर पुढचा गे चढलेल्या स्वरावरच सुरू होतो.

हलगीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या जलद बोलांत तेच एक सॅम्पल लागोपाठ वाजले, तर कान ते यंत्र लगेच ओळखतो. म्हणून प्रत्येक हाताच्या आघाताची निदान दोन-तीन वेगवेगळी सॅम्पल घ्यावीत आणि उजवा हात ६४वर, डावा ६५वर असे दोन क्रमांक ठेवावेत. पॅडवर वाजवताना हात आपोआप बदलतात, आणि नोंद झाल्यावर कोणता आघात कोणत्या हाताचा हे पडद्यावर वाचताही येते. हा सगळा मॅप कागदावर किंवा प्रोजेक्टच्या टिपणात लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तेच गाणे उघडल्यावर ४९ म्हणजे क्रॅश की के, हे आठवणीवर सोडता येत नाही.

हाय-हॅट, जोर आणि वेळ

खऱ्या हाय-हॅटमध्ये उघडा आवाज घुमत असताना झांजा मिटल्या की तो तोडला जातो. किटमध्ये हे घडावे म्हणून ४२, ४४ आणि ४६ हे तीन आवाज एकाच गटात बांधलेले असतात, म्हणजे त्यांतला नवा आवाज आधीच्याला थांबवतो. स्वतः बांधलेल्या किटमध्ये हा गट आपणच लावावा लागतो, आणि तो राहून गेला की उघडी हाय-हॅट पुढच्या मात्रांवर पसरत राहते. इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पायपट्टीची स्थिती कंट्रोलर ४ नावाच्या वेगळ्या संदेशातून सतत पाठवली जाते, आणि तीही चॅनलचीच माहिती असल्यामुळे नोटा एका चॅनलवर व पायपट्टी दुसऱ्यावर अशी फारकत झाली, तर हाय-हॅट अर्धवट उघडतच नाही.

आघाताचा जोर १ ते १२७ या पट्टीत मोजला जातो. शून्य जोराची नोट म्हणजे नोट थांबवण्याचा संदेश. माउसने काढलेल्या नोटा बहुधा एकाच जोराच्या असतात आणि त्यामुळेच निर्जीव वाटतात. स्नेअरचा मुख्य आघात १००-११०च्या आसपास आणि मधले हलके आघात ३०-४५च्या दरम्यान ठेवून पाहावेत. केरव्यात पहिला धा आणि सातवा धी पुढे ठेवून मधले ना मागे घ्यावेत. मात्र जोर वेगवेगळा दिला तरी फरक ऐकू येत नसेल, तर किटमध्ये प्रत्येक आवाजाचे एकच सॅम्पल आहे किंवा जोराला प्रतिसाद देणे बंद आहे, हे तपासावे. पॅडवर हळू वाजवूनही मॉनिटरमध्ये नेहमी १२७ दिसत असेल, तर दोष पॅडच्या संवेदनशीलतेत आहे.

वेळेच्या बाबतीत क्वांटाइझ (आघात मात्रेच्या रेषेवर आपोआप बसवणे) पूर्ण शंभर टक्के लावण्याची घाई करू नये. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची होते आणि मात्रेचे ४८० भाग धरले, तर एक भाग सव्वा मिलिसेकंदाचा. पाच-सात भाग मागेपुढे राहिलेला आघात चुकलेला वाटत नाही, उलट ठेक्याला मोकळेपणा देतो. मी किक आणि डग्गा रेषेच्या जवळ ठेवतो आणि उजव्या हाताला जसे वाजले तसे राहू देतो.

वाजवताना आवाज उशिरा येत असेल, तर ऑडिओ इंटरफेसच्या बफरकडे, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी जिथे थोडा साठतो त्या जागेकडे, पाहावे. ४४,१०० हर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंद, २५६चा ५.८ आणि ५१२चा ११.६ मिलिसेकंद लावतो, आणि त्यावर इंटरफेसचा स्वतःचा विलंब वाढतो. तालवादकाला ५१२चा उशीर हाताला जाणवतो. वाजवताना १२८ ठेवावा आणि मिश्रण करताना वाढवावा. मिडीच्या जुन्या तारेला दोष देण्याचे कारण नाही. सेकंदाला ३१,२५० बिटांच्या तिच्या वेगाने एक आघात साधारण एका मिलिसेकंदात पोहोचतो.

एकच आघात दोनदा ऐकू येत असेल, तर एक आवाज वाद्याचा स्वतःचा आणि दुसरा सॉफ्टवेअरचा असतो. कीबोर्डमध्ये लोकल कंट्रोल (पट्टी दाबल्यावर कीबोर्डचा स्वतःचा आवाज वाजण्याची सोय) बंद करावे, आणि ऑक्टोपॅडचा स्वतःचा आवाज मिक्सरवर शून्य करावा. तरीही दोनदा आला, तर दोन ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी तयार ठेवलेले आहेत का, ते पाहावे.

मिश्रणासाठी देताना

ठेका पक्का झाला की दहाव्या चॅनलवरच्या एका ट्रॅकमधून प्रत्येक वाद्य वेगळे काढावे. क्यूबेसमध्ये डिझॉल्व्ह पार्ट आणि रीपरमध्ये नोटच्या ओळीनुसार फोडण्याची आज्ञा हे काम करते. त्यानंतर किक, स्नेअर, हाय-हॅट, ढोलकीचे दोन हात आणि हलगी असे ऑडिओ ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू होतील अशा बेताने काढावेत, म्हणजे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत पाठवले तरी ते एकाखाली एक आपोआप जुळतात. हाय-हॅटचे ४२, ४४ आणि ४६ मात्र वेगवेगळ्या फाइलींत फोडू नयेत, कारण वेगळे वाजवताना त्यांच्यातले एकमेकांना थांबवणे बंद पडते आणि उघडा आवाज पुन्हा पसरू लागतो. ऑडिओसोबत मूळ मिडी फाइल आणि क्रमांकांचा लिहिलेला मॅपही द्यावा. मिश्रण करणाऱ्याला स्नेअरचा आवाज बदलावासा वाटला, तर ३८च्या ओळीवर नवे किट लावून तो काही मिनिटांत बदलता येतो.

फाइल देण्यापूर्वी ती कोणत्याही साध्या जनरल मिडी प्लेअरमध्ये एकदा वाजवून पाहावी. ड्रमच्या जागी पियानोचे स्वर आले, तर चॅनल तपासावा; मुद्दाम अकराव्यावर नेलेल्या डग्ग्याचे मात्र असे होणारच. ड्रमच वाजले पण भलतेच वाजले, तर नोटचे क्रमांक तपासावेत; आपण स्वतः बांधलेल्या ढोलकीच्या जागी तिथे बोंगो ऐकू येणारच, ते बरोबर आहे. काही वाद्ये गप्प राहिली, तर त्यांचे क्रमांक ३५ ते ८१च्या बाहेर गेले आहेत का ते पाहावे आणि मगच फाइल पाठवावी.